पाठांतराचे रसायन

रसायनशास्त्र हा प्रयोगाचा विषय आहे, हे वाक्य आमच्या मुलांस तोंडपाठ असते. आणि विपर्यास असा की, तेही बहुधा प्रयोगावाचूनच पाठ झालेले असते. औशासारख्या तालुक्याच्या गावी दहावीचा विद्यार्थी आवर्ती वर्गीकरण, आम्ल, आम्लारी, समीकरणे, सारे घोकतो. परंतु घरच्या चहाच्या भांड्यास बसणारे पांढरे कीट कशाचे, असे त्यास विचारून पाहा. विंधनविहिरीच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट उकळताच फुटते, वायू उडून जातो व चुनखडी तळाशी बसते, हे समीकरण त्याने वहीत दहादा लिहिलेले असते. चुलीवर घडताना मात्र ते त्यास ओळखता येत नाही. ज्या ज्ञानास स्वतःच्या घरातील भांडे ओळखू येत नाही, त्यास ज्ञान म्हणावे काय?

यावर पहिला आक्षेप पैशाचा. प्रयोगशाळा खर्चाची बाब आहे, असे म्हणतात. हळदीवर चुन्याची निवळी टाकली की ती लाल होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. आम्ल-आम्लारींचा हा पाठ किती रुपयांचा? उसाच्या रसात चुना घालून मळी काढण्याची क्रिया आमच्या गुऱ्हाळांस ठाऊक आहे. उणीव साहित्याची नाही, इच्छेची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परीक्षा हीच गरिबाची शिडी, असे सांगतात. सुमारे वीस किलोमीटरांवरील लातूरच्या 'पॅटर्न'ने अनेक शेतकऱ्यांची मुले वैद्यकीय महाविद्यालयांत पोचविली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु 'नीट' परीक्षेत रसायनाचे 45 प्रश्न असतात. बरोबर उत्तरास 4 गुण, चुकल्यास 1 वजा. परीक्षानळी हाती धरण्यास शून्य. त्या शून्याची छाया आता हायस्कुलाच्या वर्गावरही पडली आहे.

आणि जे डॉक्टर होणार नाहीत, त्यांचे काय? ते बहुसंख्य आहेत. ते उद्या सोयाबीनवर औषध फवारतील, युरियाची मात्रा ठरवितील. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. डब्यावरील लाल त्रिकोणाचा अर्थ काय, दोन औषधे एकत्र का करू नयेत, विष कातडीवाटे अंगात कसे भिनते, हे ज्या शिक्षणक्रमात गौण ठरते, तो शेतकऱ्याच्या मुलासाठी रचलेला नाही. त्रुटी येथे गुणांची नसून जिवाची आहे.

म्हणून शिक्षकांनी आठवड्यास एक तरी प्रयोग मुलांच्या हातून करवावा, आणि पालकांनी 'किती गुण मिळाले?' या प्रश्नाआधी 'आज काय पाहिलेस?' असे विचारावे. शिडी हवीच; पण ती ज्या जमिनीवर उभी करावयाची, त्या जमिनीचे ज्ञान त्याहून आधी हवे.