विठोबाचे सर्वनाम आणि मोठे अक्षर

पिंपरीतील संत तुकाराम नगर या वस्तीच्या नावाचे मेट्रो स्थानक मार्च २०२२मध्ये सुरू झाले. हे नाव रोमन लिपीत लिहायचे तर तिन्ही शब्दांचे पहिले अक्षर कॅपिटल करावे लागते. एरवी सामान्यनाम म्हणून लहान अक्षराने चालणारा 'संत' वस्तीच्या नावात आला की मोठा होतो. देवनागरीला ही उठाठेव ठाऊक नाही.

म्हणूनच आमचे विद्यार्थी इथे अडखळतात. वाक्याचा आरंभ, विशेषनाम आणि 'आय' हे नियम घोकून येतात. त्यांविषयी वाद नाही. वाद सुरू होतो तो भाषांतराच्या तासाला.

तुकोबांच्या एका अभंगाचे इंग्रजी करताना एका विद्यार्थिनीने विठ्ठलासाठीचे 'यू' लहान अक्षराने लिहिले. आम्ही लाल शाईने ते मोठे केले आणि अर्धा गुण कापला. तिने विचारले, "सर, महाराज तर इथे देवाशी भांडतायत. भांडताना इतका मान कोण देतं?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात असतो. 'तुम्ही' हाताशी असतानाही तुकोबा विठोबाला वारंवार एकेरीत हाक मारतात. ती त्यांची निवड आहे. इंग्रजीतले एकेरी 'दाऊ' व्यवहारातून केव्हाच गेले. उरलेल्या 'यू'ला आपण कॅपिटल चढवतो, तेव्हा कवीने मोडलेले अंतर पुन्हा उभे करतो. फ्रेझर-मराठे यांच्या तीन खंडांपासून (१९०९-१५) दिलीप चित्रे यांच्या 'सेज तुका'पर्यंत (१९९१) प्रत्येक अनुवादकाला हा निर्णय करावाच लागला आहे.

यावर आक्षेप असा येईल, की मग भक्ताचा 'आय' मोठा आणि देव लहान, हे विपरीत नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. 'आय'चे मोठेपण ही लिपीची सवय आहे, वाचकाच्या ते ध्यानातही येत नाही. देवाच्या सर्वनामाचे कॅपिटल मात्र मुद्दाम दिलेले असते आणि ते डोळ्यांत भरते. शिवाय ते भक्तीला अनिवार्यही नाही: १६११ सालच्या इंग्रजी बायबलात देवाची सर्वनामे लहान अक्षरानेच आहेत.

याचा अर्थ कॅपिटल निरर्थक आहे असा नव्हे. 'दलित' हा शब्द इंग्रजीत लिहिताना आम्ही मोठ्या 'डी'चा आग्रह धरतो. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० साली वांशिक अर्थाच्या 'ब्लॅक'ला कॅपिटल दिले, त्यामागचा विचारही याच जातीचा. जिथे मान नाकारला गेला तिथे मोठे अक्षर तो मागते. जिथे कवीने जवळिकीसाठी मान बाजूला ठेवला, तिथे ते आगंतुक ठरते.

तो अर्धा गुण आम्ही परत दिला. वाक्यारंभ आणि विशेषनाम चुकले तर पुढेही गुण कापू. देवाच्या सर्वनामासाठी मात्र विद्यार्थ्याला कारण विचारू, आणि त्याला अभंगात आधार असेल तर लाल शाई आवरू.