गोडे तेल, कडू तेल आणि आपले मत

आपल्या पूर्वजांनी शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिण सोडली, तेव्हा त्यांच्या जिभेवर करडईची, तिळाची चव होती. 1810 च्या सुमारास दौलतरावांनी इथे लष्कर वसवले आणि आपण कडू तेलाच्या मुलखात कायमचे राहिलो. इथला माणूस मोहरीच्या तेलाला 'कडुआ' म्हणतो आणि आपण शेंगदाण्याच्या तेलाला 'गोडे' म्हणतो. दोन शतकांनंतरही पुष्कळ घरांत फोडणी गोड्या तेलाची आणि लोणचे कडू तेलाचे, अशी तडजोड चालू आहे. ती चांगलीच आहे. पण या दोन्हींना बाजूला सारून आपल्या कढईत तिसरेच तेल येऊन बसले आहे, आणि आम्हांला बोलायचे आहे ते त्याविषयी.

2022-23 च्या तेलवर्षात देशाने सुमारे 165 लाख टन खाद्यतेल परदेशातून आणले. त्यातले निम्म्याहून अधिक पामतेल, मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियाचे. फरसाण, बिस्किटे, हलवायाची कढई, सगळीकडे तेच. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली, तेव्हा त्याची झळ थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली. आणि हे घडते कुठे? तर मुरैना, भिंड, ग्वाल्हेर या मोहरीच्या पट्ट्यात! एक-दोन पाण्यांवर येणारे हे रब्बीचे पीक चंबळच्या शेतकऱ्याचा आधार आहे. मुरैन्यात तेलाच्या गिरण्या आहेत. शेजारच्या शिवपुरीत भुईमूग पिकतो. म्हणजे आपले कडू आणि गोडे, दोन्ही दाराशी आहे.

मोहरीच्या दाण्यात साधारण 40 टक्के तेल असते. घाणीत ते सावकाश, फारसे न तापता निघते. म्हणून नाकाला झोंबणारा झणका टिकतो. एक्स्पेलरमध्ये उतारा जास्त पडतो. उरलेल्या पेंडीतले तेल हेक्झेन नावाच्या द्रावकाने ओढून काढतात आणि मग रिफाइन करून त्याचा रंग-वास घालवतात. वास नसलेले तेल म्हणजे शुद्ध तेल, ही समजूत जाहिरातींनी आपल्या डोक्यात भरवली. एकेकाळी वनस्पती तुपाच्या डब्याविषयीही असेच सांगितले जाई. आज त्यातल्या ट्रान्स फॅटवर, 2022 पासून, 2 टक्क्यांची मर्यादा आहे.

मात्र स्थानिक म्हणजे आपोआप चांगले, असेही आम्ही म्हणणार नाही. मोहरीसारखेच दिसणारे पिवळ्या धोत्र्याचे बी (इथे त्याला सत्यानाशी म्हणतात, आणि नाव सार्थ आहे) तेलात मिसळले की पाय सुजतात, धाप लागते, हृदय निकामी होते. 1998 मध्ये दिल्लीत या ड्रॉप्सीने 60 हून अधिक माणसे दगावली. 2000 मध्ये खुद्द ग्वाल्हेरात ही साथ आली होती. दिल्लीच्या साथीनंतर सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. ते योग्यच होते, पण त्याचा फायदा मोठ्या कंपन्यांच्या बाटल्यांना झाला आणि गल्लीतला प्रामाणिक घाणीवाला मागे पडला. त्याला बाटली भरण्याची सोय आणि तपासणीचा कागद कोणी मिळवून दिला नाही. मोहरीच्या तेलात दुसरे तेल मिसळण्याची कायदेशीर मुभाही 2021 पर्यंत होती. ती गेली हे बरे झाले.

आता मताची गोष्ट. 2026-27 साठी मोहरीला क्विंटलमागे 6,200 रुपये आधारभूत किंमत जाहीर झाली. पण सरकारी खरेदी वेळेवर झाली नाही तर शेतकऱ्याला हा आकडा कागदावरच दिसतो. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या तेलावरचे आयात शुल्क वाढवले आणि मे 2025 मध्ये मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले. ग्राहकाला दिलासा हवा, हे खरे. परंतु शुल्काचा असा झोका चालू राहिला तर मोहरी पेरणाऱ्याने कशाच्या भरवशावर पेरावे?

आपण संख्येने थोडे आहोत, म्हणून उमेदवार आपल्याकडे गणेशोत्सवात आरतीला येतात आणि प्रसाद घेऊन जातात. यापुढे ते मंडपात आले की त्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. शहरात तेलाचे किती नमुने घेतले आणि त्यांचे निकाल लोकांसमोर का येत नाहीत? छोट्या घाणीवाल्यांसाठी सामाईक तपासणी आणि बाटलीबंदीची सोय कधी करणार? अन्नसुरक्षा कायदा 2006 चा आहे. त्यानुसार विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो. साधा ग्राहकही शुल्क भरून नमुना तपासून घेऊ शकतो आणि माल सदोष निघाल्यास ते शुल्क परत मिळते. हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मंडळाच्या कार्यक्रमांच्या पंगतींना लागणारे तेल यंदापासून जवळच्या घाणीचे, तपासून घेतलेले असावे, असा ठराव आम्ही पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. डब्यामागे थोडे जास्त पैसे पडतील. सभासदांनी येताना त्याचा हिशेब मांडूनच यावे.