जालन्याहून युरोप : वाट मुंबईवरूनच

बियाणे आणि पोलाद यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्याहून मुंबई आता जवळ आली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये वंदे भारत सुरू झाली, तर जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. मात्र पॅरिस, झुरिच, रोम अशा सहलीची खरी कसोटी प्रवासाची नाही, परवान्याची आहे.

शेंगेन व्हिसा २९ देशांत चालतो. पण ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याचकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम समसमान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. साहजिकच शहरांचा क्रम आधी ठरवणे भाग पडते. बोटांच्या ठशांसाठी पहिल्या खेपेस प्रत्यक्ष हजेरी लागते. म्हणजे घरातील साऱ्यांची मुंबई वा पुण्याची वारी आलीच. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे आणि नकार मिळाल्यास ते परत मिळत नाही. चार प्रौढांच्या कुटुंबाचे ३६० युरो अशा रीतीने पणाला लागतात.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा दिवाळीच्या सहलीची कागदपत्रे उन्हाळ्यातच जुळवणे शहाणपणाचे. ठसे घेण्याची सोय मराठवाड्यातच झाली, तर हा भुर्दंड निश्चितच हलका होईल.