शेअरबाजाराचा कौल आणि अध्यक्षांची कर्तबगारी

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक आली की, शेअरबाजाराचा निर्देशांक हा जणू अध्यक्षांच्या कर्तबगारीचा दाखला आहे, अशा थाटात तेथील दोन्ही पक्ष बोलू लागतात. बाजार चढला की श्रेय आपले, उतरला की पाप आधीच्याचे! भांडवलदारी वृत्तपत्रांनी या खेळात हिरिरीने उतरावे, यात नवल नाही. खेद याचा वाटतो की, आपले काही अभ्यासू मित्रही ‘डेमॉक्रॅटिक पक्षाच्या राजवटीत बाजार अधिक फळतो’ असे सांगून उजव्यांना निरुत्तर करू पाहतात.

आकडा खोटा नाही. सान्ता-क्लारा व वाल्कानोव्ह यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९२७ ते १९९८ या काळात हा फरक वर्षाला सुमारे ९ टक्के आढळला. परंतु फरक आढळणे वेगळे आणि त्याचे कारण सापडणे वेगळे. हर्बर्ट हूव्हर मार्च १९२९ मध्ये पदावर आले आणि ऑक्टोबरात बाजार कोसळला. ज्या सट्टेबाजीने तो कोसळला, ती आधीच्या वर्षांत पोसली गेली होती. बराक ओबामा २० जानेवारी २००९ रोजी आले आणि ९ मार्चला बाजाराने तळ गाठून वर पाहिले. मंदीने पोळलेला मतदार सत्तांतर घडवतो, तेव्हा भाव आधीच पडलेले असतात; पुढची चढण आपोआप नव्या अध्यक्षाच्या खात्यावर जमा होते. रेगन यांच्या नावावर मांडली जाणारी तेजी ऑगस्ट १९८२ मध्ये सुरू झाली, ती फेडरल रिझर्व्हने व्याजदर उतरवल्यावर. आणि त्या बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांना नेमले होते कार्टर यांनी.

मग अध्यक्ष निष्प्रभ असतो काय? तसेही नाही. २ एप्रिल २०२५ रोजी ट्रम्प यांनी जगभरच्या मालावर आयातशुल्क जाहीर केले. नंतरच्या दोन दिवसांत ‘एस अँड पी ५००’ हा निर्देशांक १० टक्क्यांहून अधिक घसरला. रोख्यांचा बाजारही डळमळू लागताच ९ एप्रिलला बहुतेक देशांवरील वाढीव शुल्क ९० दिवस स्थगित झाले आणि निर्देशांक एका दिवसात साडेनऊ टक्के उसळला. अध्यक्षाने बाजाराला धक्का दिला खरा. पण आठवडाभरात माघार कोणी घेतली? धनी कोण आणि चाकर कोण, हे यावरून ओळखावे.

अध्यक्षाची खरी सत्ता निर्देशांकात दिसतच नाही. ती वाटपाच्या नियमांत असते. १९८१ मध्ये रेगन यांनी ११,००० हून अधिक संपकरी हवाई वाहतूक नियंत्रकांना बडतर्फ केले. १९८२ मध्ये कंपन्यांना स्वतःचेच शेअर विकत घेऊन भाव चढवण्याची वाट मोकळी झाली. २०१७ च्या कायद्याने कंपनीकर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. उलट संघराज्याचे किमान वेतन जुलै २००९ मध्ये ताशी सव्वासात डॉलर झाले आणि तेथेच थिजले. २०२४ अखेर निर्देशांक मात्र सुमारे सहापट झाला होता. ही वाढ गेली कोठे? तेथील शेअरसंपत्तीपैकी सुमारे नऊ-दशांश वरच्या दहा टक्के कुटुंबांकडे आहे. खालच्या निम्म्या जनतेकडे जेमतेम एक टक्का.

हा मापदंड आपल्यावरही उगारला गेला आहे. डाव्यांच्या पाठिंब्याचे सरकार येणार म्हणून १७ मे २००४ रोजी मुंबईचा सेन्सेक्स ११ टक्क्यांहून अधिक कोसळला आणि ‘बाजाराने कौल दिला’ अशी आरोळी उठली. डाव्यांचा पाठिंबा कायम असतानाच जानेवारी २००८ मध्ये तोच सेन्सेक्स २०,००० च्या वर होता! तेव्हा त्या चढणीचे श्रेय आपण घेतले नाही, हे योग्यच झाले. ज्याला पडझडीचा दोष मान्य नाही, त्याने तेजीचा टिळाही लावून घेऊ नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा वाद जिंकण्याच्या मोहात पडू नये, तो नाकारावा. राजवट कोणतीही असो, मजुरी किती वाढली, संघटनेचा हक्क राहिला की गेला आणि कराचे ओझे कोणाच्या खांद्यावर आले, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे दलाल स्ट्रीट वा वॉल स्ट्रीटच्या फलकावर झळकत नसतात.