वस्तऱ्याचे गाणे आणि आमचे सोवळे

टिम बर्टन यांचा 'स्वीनी टॉड' हा २००७ सालचा संगीत चित्रपट आम्हांस मनापासून प्रिय आहे, असे आम्ही म्हटले की आमच्या स्नेह्यांपैकी कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतात. लंडनमधील एका न्हाव्याने गिऱ्हाइकांचे गळे चिरावेत, खालच्या दुकानातील बाईने त्यांच्या मांसाचे सारण भरून भट्टीत भाजलेले कानवले विकावेत, आणि हे सारे सुरांत! असल्या बीभत्सात सभ्य माणसांनी रमावे काय, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. पण त्यामागे जे सोवळे आहे ते आम्हांस मुळीच मान्य नाही.

प्रथम कथेकडे पाहू. ही कथा १८४६-४७ साली लंडनच्या एका स्वस्त साप्ताहिकात क्रमशः निघाली. तीतला न्हावी केवळ लोभापायी खून करी. अशा माणसाचा तिटकारा करून प्रेक्षक सुखाने घरी जाऊ शकतो. क्रिस्टोफर बाँड या नाटककाराने १९७० च्या सुमारास त्याला एक दुःख दिले, आणि त्याच नाटकावरून स्टीफन सॉन्डहाइम यांनी १९७९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर संगीत नाटक उभे केले. आता हा न्हावी लोभी उरला नाही. न्यायाधीश टर्पिनची दृष्टी त्याच्या बायकोवर पडली. त्यासाठी निरपराध नवऱ्यास काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. पंधरा वर्षांनी तो परततो, तेव्हा बायको विष प्याली असे त्यास कळते, आणि मुलगी त्याच न्यायाधीशाच्या घरी वाढत असते. ज्याच्याकडे दाद मागावयाची तोच गुन्हेगार! अशा माणसाच्या हाती वस्तरा आला तर कोणाचे मन त्याच्या बाजूस झुकणार नाही?

येथेच संगीताचे खरे काम सुरू होते. न्यायाधीश दाढीसाठी खुर्चीवर बसला आहे, त्याचा गळा उघडा आहे, आणि मारणारा व मरणारा दोघे मिळून स्त्रीसौंदर्याचे एक अत्यंत मधुर गीत आळवीत आहेत. सूर संथपणे चढत जातो आणि आम्ही श्वास रोखून वस्तरा फिरण्याची वाट पाहू लागतो. तेवढ्यात एक तरुण खलाशी आत शिरतो आणि सावज निसटते. त्या क्षणी आम्हांस जी निराशा वाटते, ती कशाची? एक खून हुकला याची! केवळ गद्य संवादांत हा सापळा इतका बेमालूम बसला नसता. गाण्याने आम्हांस नकळत कटात सामील करून घेतले.

पुढे काय होते? हुकलेला सूड साऱ्या मनुष्यजातीवर उलटतो. एकाचा गळा सापडला नाही म्हणून वाटेल त्याचा चालतो. अखेर न्यायाधीश मरतो खरा. पण त्याच्या काही क्षण आधी वाटेत आलेली एक वेडी भिकारीण न्हाव्याने न पाहताच संपविलेली असते. भट्टीच्या उजेडात तिचा चेहरा दिसतो तो त्याच्याच बायकोचा. ती मेलीच नव्हती. जिच्यासाठी सूड, तिलाच सुडाने खाल्ले. पोटच्या मुलीवरही, तिला न ओळखता, तो वस्तरा उगारून बसला होता.

आता आमचा उलट सवाल. ज्या घरांत हा चित्रपट वर्ज्य, त्याच घरांत असे चित्रपट सहकुटुंब पाहिले जातात की ज्यांत नायक तीस-चाळीस माणसे लोळवितो आणि आईचा आशीर्वाद घेऊन सुखाने संसारास लागतो. न्यायालयाची पायरी चढण्याआधीच आरोपी गोळीने संपल्याची वार्ता आली की तीच माणसे 'बरे झाले' म्हणतात. तेथे रक्त दिसत नाही म्हणून बीभत्स नाही काय? आमच्या मते खरा बीभत्स तोच. सुडाचा आनंद द्यावयाचा आणि त्याचे मोल लपवावयाचे, याहून मोठी दिशाभूल कोणती? 'स्वीनी टॉड' तो आनंद देतो आणि मग पै न पै वसूल करतो.

शोक आणि सूर एकत्र नांदू शकतात, हे तर मराठी माणसास कोणी शिकवावयास नको. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सर्वनाश आमच्या आजी-पणजींनी पदांसकटच पाहिला. आणि रात्री झोपलेल्यांस कापून काढणाऱ्या अश्वत्थाम्याचे सौप्तिकपर्व व्यासांनी महाभारतातून वगळले नाही.

चित्रपट निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. रंगभूमीवर प्रेक्षकांस उद्देशून गाणारा समूह बर्टन यांनी गाळला, ही हानीच होय. जॉनी डेप यांचा गळा तयारीचा नाही. पण मनातल्या मनात कुढणाऱ्या माणसास तो पुटपुटता सूर शोभतो. लहान मुलांस हा चित्रपट दाखवू नये, हेही आम्हांस कबूल आहे.

मात्र मोठ्यांनी तो अवश्य पाहावा. ती खुर्ची आणि तो उघडा गळा पडद्यावर आला म्हणजे डोळे मिटू नयेत. आपले मन त्या घटकेस काय मागत आहे, तेवढे प्रामाणिकपणे पाहून ठेवावे.