तेल त्यांचं, दंड आमचा

27 ऑगस्ट 2025 हा दिवस लक्षात ठेवा बहिणींनो. त्या दिवशी आपल्या बऱ्याच घरांत संवत्सरी होती, शेजारच्या मराठी घरांत गणपती बसत होते, आणि त्याच दिवशी अमेरिकेने आपल्या मालावरचा आयातकर 25 वरून 50 टक्क्यांवर नेला. आधीचे 25 टक्के 7 ऑगस्टपासून लागू होतेच. हे वरचे 25 म्हणजे दंड. गुन्हा काय, तर हिंदुस्थान रशियाचं तेल विकत घेतो.

आता मला कुणी समजावून सांगा. वराछातला रत्नकलाकार, जो घंटीवर बसून दिवसभर हिऱ्याला पैलू पाडतो, त्याने रशियाचं तेल कधी घेतलं? त्याच्या बायकोने घेतलं? तिच्या घरात तेल येतं ते शेंगदाण्याचं, तेही महिन्याला मोजून. रशियाचं कच्चं तेल जातं रिफायनऱ्यांत. त्यातल्या दोन सगळ्यात मोठ्या खाजगी गिऱ्हाइकांच्या रिफायनऱ्या आपल्याच गुजरातेत आहेत, एक जामनगरला, एक वाडीनारला. आणि गंमत पुढेच आहे. दंड लावताना अमेरिकेने सवलतीची एक यादी केली. त्यात औषधं आहेत, मोबाइल फोन आहेत, आणि पेट्रोलियमचे पदार्थ आहेत. होय, शुद्ध केलेलं तेल, विमानाचं इंधन, हे सगळं माफ! गुन्हा तेलाचा, तेल सुटलं आणि हिरा पकडला गेला. कापड पकडलं गेलं. ओलपाडकडचे झिंग्याचे तलाव पकडले गेले. झिंग्याच्या धंद्याची कड मी घेणार नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या तलावांवर राबणारी माणसं माणसंच आहेत.

आमच्या पर्वत पाटियात अजून ट्रम्पसाहेबांचे भक्त सापडतात. कापड मार्केटातून रात्री घरी आलेले काकाजी सोसायटीच्या बाकावर बसून सांगतात, "आदमी सख्त है, पर धंधेवाला है. धंधेवाले का दर्द धंधेवाला ही समझेगा." मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडही संपली. फेब्रुवारी 2020 मध्ये मोटेराच्या स्टेडियममध्ये त्यांचं स्वागत झालं तेव्हा इथून लोक उत्साहाने गेले होते. त्याआधी ह्यूस्टनला जयजयकार झाला होता. आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी तिकडच्या एका पक्षाला आपला पक्ष मानलं, आणि आपल्या समाजानेही मानलं. कारण काय, तर तो पक्ष कर कमी करतो, सरकारला व्यापारात नाक खुपसू देत नाही, परंपरा मानतो. असं ऐकलं होतं. प्रत्यक्षात काय निघालं? 50 टक्के कर लावणाऱ्या सरकारला व्यापारात नाक न खुपसणारं कसं म्हणायचं? हे तर नाकच काय, अख्खं डोकं घालून बसलंय.

तिकडच्या बायकांचंही ऐका, कारण हा खेळ फक्त आपल्याशी चाललेला नाही. आयातकर परदेशी माणूस भरतो, असं ट्रम्प सभांतून सांगत आले. खोटं आहे. तो बंदरावर अमेरिकेचा आयातदार भरतो. मग तो दोन गोष्टी करतो. एक, माल महाग विकतो, म्हणजे न्यू जर्सीतली नवरी अंगठीला जास्त पैसे देते. दोन, आपल्याकडच्या व्यापाऱ्याला फोन करून म्हणतो, भाव उतरव नाहीतर ऑर्डर रद्द. व्यापारी कारखानदाराला म्हणतो, कारखानदार कारागिराला म्हणतो, आणि कारागीर घरी येऊन काहीच म्हणत नाही. तो गप्प बसतो. त्याचं ते गप्प बसणं आपण बायका ओळखतो.

तिकडच्या सरकारने 4 जुलैला एक भला मोठा कायदा केला, त्याचं नाव काय, तर 'वन बिग ब्यूटिफुल बिल'. त्यांच्याच संसदेच्या अंदाजपत्रक कचेरीने हिशोब मांडला. सगळ्यात गरीब दहा टक्के घरांचं वर्षाला सुमारे 1200 डॉलर नुकसान, सगळ्यात श्रीमंत दहा टक्के घरांचा सुमारे 13600 डॉलर फायदा. याच कायद्याने घराच्या छतावर सोलर लावणाऱ्याला मिळणारी 30 टक्क्यांची करसवलत 31 डिसेंबर 2025 नंतर बंद केली. विजेच्या गाडीवरची सवलत 30 सप्टेंबरलाच संपली. समुद्रात पवनचक्क्यांचा एक प्रकल्प ऱ्होड आयलंडजवळ 80 टक्के बांधून झाला होता, तो 22 ऑगस्टला हुकूम काढून थांबवला. बरोबर एका महिन्याने कोर्टाने काम पुन्हा सुरू करायला लावलं. आणि निवडणुकीत वचन काय होतं? वर्षभरात विजेचं बिल निम्मं करू! निम्मं राहिलं बाजूला, बिल वाढलं. जे घर स्वतःच्या छतावर स्वतःची वीज बनवू शकतं त्याला हे स्वावलंबनाचे पुजारी मदत करत नाहीत. मदत कुणाला, तर जमिनीला भोकं पाडणाऱ्याला. "ड्रिल, बेबी, ड्रिल" हे त्यांचं घोषवाक्य, शपथविधीच्या भाषणातसुद्धा आलं.

आता हे घोषवाक्य जैन कानांनी ऐका. आपण प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणतो, त्यात पंधरा कर्मादानं येतात. झरझर म्हणून टाकतो, कारण पाय दुखत असतात आणि अजून बरंच व्हायचं असतं. पण नावं आठवा. अंगारकर्म, म्हणजे कोळसे पाडण्याचा, आगीच्या भट्टीवर चालणारा धंदा. वनकर्म, जंगल तोडण्याचा. स्फोटकर्म, जमीन फोडण्या-खणण्याचा. दवाग्निदान, वणवा लावण्याचा. सरोवरं-तळी सुकवण्याचा. हे धंदे श्रावकाने का करू नयेत? कारण त्यांत जी हिंसा होते ती मोजता येत नाही, करणाऱ्याला दिसतही नाही. ही यादी कुठल्या पर्यावरणवाल्यांनी काल लिहिलेली नाही. आपल्या आगमांत आहे. आणि संवत्सरीला ती म्हणून, "मिच्छामि दुक्कडं" करून घरी आलेला माणूस टीव्हीसमोर बसून "खणा, अजून खणा" म्हणणाऱ्याला मर्द म्हणतो! जानेवारीत सत्तेवर येताच पहिल्याच दिवशी पॅरिस करारातून बाहेर पडणाऱ्याला मर्द म्हणतो! मग पंधरा कर्मादानं कुणासाठी ठेवली आहेत, फक्त बटाटा-कांदा सोडणाऱ्या सुनांसाठी?

कुणी म्हणेल, हिरासुद्धा जमीन फोडूनच निघतो. निघतो. पांडेसराच्या आणि कडोदऱ्याच्या डाइंग मिलांतले बॉयलरही कोळशावर चालतात आणि आपल्या अंगावरची साडी तिथूनच रंगून येते. म्हणूनच तर म्हणते, हा विषय आपला आहे. दरवर्षी खाडीला पूर येतो, 2025 च्या जूनमध्येही आला, पर्वत पाटियापासून लिंबायतपर्यंत तळमजल्यावरची घरं पुन्हा धुऊन काढावी लागली. खाडी दाबली ती आपल्याच लोकांनी, त्याचा दोष वॉशिंग्टनला देता येणार नाही. पण तासाभरात कोसळणारा हा असला पाऊस कुठून येतो, ते आता शाळेतलं पोरही सांगतं.

परत तेलाकडे येते, कारण मुख्य हिशोब तिथे आहे. युक्रेनचं युद्ध फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालं. त्याआधी आपल्या एकूण कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्केसुद्धा नव्हता. पुढे तो एक तृतीयांशाच्या वर गेला, कारण रशिया स्वस्तात देत होता. युद्धाचं तेल घ्यावं का, हा प्रश्न अहिंसेचं नाव घेणाऱ्या आपल्याला टोचला पाहिजे. पण काकाजी म्हणतात, देशहित! ठीक आहे, देशहित. मग त्या स्वस्ताईतलं देशाला काय मिळालं? मे 2022 नंतर पंपावरचा भाव जवळजवळ जागचा हलला नाही. मार्च 2024 मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, लिटरमागे दोन रुपये उतरले. एप्रिल 2025 मध्ये कच्चं तेल घसरलं तेव्हा सरकारने अबकारी दोन रुपयांनी वाढवून घेतली आणि त्याच दिवशी गॅसचा सिलिंडर 50 रुपयांनी वाढवला. दिल्लीत तो 853 झाला. म्हणजे तेल स्वस्त आलं तेव्हा फायदा वर थांबला, कंपन्यांकडे आणि तिजोरीत. दंड आला तेव्हा तो मात्र न थांबता थेट कतारगाम-वराछाच्या गल्ल्यांत उतरला.

"नसतं घेतलं तर पेट्रोल दीडशे झालं असतं" हे उत्तर मला दर वेळी मिळतं. झालं असतं की नसतं, कोण जाणे. पण ज्याच्या नावावर फायदा कधी लिहिलाच नाही त्याच्या नावावर दंड का लिहिला, याला हे उत्तर नाही. आणि तिकडे ज्यांना रशियाच्या तेलाचा एवढा राग आला, त्यांनी चीनला असा दंड लावला नाही, जो आपल्यापेक्षा जास्त रशियन तेल घेतो. ते स्वतः रशियाकडून युरेनियम घेतात, खत घेतात. हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेच ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलं. राग धर्माचा नाही, राग दुकानाचा आहे. त्यांना स्वतःचं तेल आणि वायू विकायचा आहे. फेब्रुवारीत दोन्ही नेते भेटले तेव्हा आपण जास्त घेऊ असं कबूल करूनही आलो होतो.

या दंडाची झळ हिऱ्यावरच थांबली नाही. ऑगस्टमध्येच सरकारने कापसावरचा 11 टक्के आयातकर उठवला, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. अमेरिका आपल्याला कापूस विकणारा मोठा देश आहे. म्हणजे जळगाव-यवतमाळचा कापूस घरात यायच्या वेळी बाहेरचा कापूस बिनकराचा आत आला. गोडादरा-लिंबायतमध्ये आपल्या कितीतरी खानदेशी बहिणी राहतात, ज्यांचे भाऊ-दीर अजून गावी कापूस लावतात. त्यांचा नवरा इथे लूमवर, भाऊ तिथे शेतात, दोघांच्या ताटातला घास एकाच हुकुमाने कमी झाला. त्यातली एक माझ्याकडे साड्यांना स्टोन लावायचं काम मागायला येते. सण गेला तरी काम नाही, कारण हिरेवाल्यांच्या घरात साड्या घेतल्या नाहीत. आपली साडी अमेरिकेला फारशी जात नाही, तरी तिची टिक्की-लेसची मजुरी अमेरिकेने कापली. हे असं फिरून येतं.

आणि सरकारी मदत? अमेरिकेच्या दंडाआधीपासूनच मंदी होती, म्हणून मे महिन्यात गुजरात सरकारने बेकार रत्नकलाकारांसाठी पॅकेज काढलं. मुलांची वर्षाची शाळेची फी, 13500 रुपयांपर्यंत. दिली ते चांगलं केलं. पण खजोदला पेंटागॉनपेक्षा मोठी म्हणून मिरवलेली डायमंड बोर्सची इमारत उभी आहे, डिसेंबर 2023 मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलेली. त्या इमारतीकडे बघून 13500 हा आकडा पुन्हा म्हणून पाहा.

मला सगळ्यात जास्त राग मात्र ट्रम्पचा नाही. तो त्याच्या मतदारांसाठी खोटं बोलतो. राग आपल्या व्यापाऱ्यांच्या विसराळूपणाचा आहे. 2017 चा जुलै आठवतो ना? जीएसटी आला आणि रिंग रोडची मार्केटं आठवडेच्या आठवडे बंद राहिली. लाठ्या खाल्ल्या. बिलांवर छापलं, "हमारी भूल, कमल का फूल". सुतावर 18 टक्के आणि कापडावर 5, हा उलटा हिशोब आम्हाला मारतोय, असं विणकर ओरडून सांगत होते. लूम भंगारात गेले. मग डिसेंबरात मतदान झालं आणि सुरत जिल्ह्यातल्या 16 पैकी 15 जागा त्याच फुलाला! भूल कुणाची होती ते कळलंच नाही. सुताचा कर 5 टक्क्यांवर यायला 22 सप्टेंबर 2025 उजाडलं. आठ वर्षं. कारण ज्याची मतं खिशात आहेत त्याची घाई कोण करणार? 2024 ला तर सुरतला लोकसभेचं मतदानच झालं नाही, उमेदवार बिनविरोध निवडून आला. दिल्लीला सुरतेची भीती नाही. आणि जिची दिल्लीला भीती नाही, तिच्यासाठी दिल्ली वॉशिंग्टनशी का भांडेल?

"बायकांनी राजकारणात कशाला पडावं" असं मंडळाच्या सभेत मला एका ज्येष्ठ श्राविकेने विचारलं. बाईसा, मी पडले नाही, माझ्यावर पडलंय. फी आपण भरतो, भिशी आपण मोडतो, पाटल्या सराफाकडे गहाण ठेवायला आपणच जातो, कारण पुरुषांना लाज वाटते. महापालिकेच्या निवडणुका येतच असतात. पांढरे कपडे घालून, हात जोडून सोसायटीत येतील तेव्हा चहा जरूर द्या, अतिथी आहेत. आणि चहा पिता पिता विचारा, की स्वस्त तेलातला आमचा वाटा कुठे ठेवलात, कापसाच्या कराबद्दल दिल्लीत कोण काय बोललं, आणि छतावरच्या सोलरची आमच्या बिल्डिंगची फाइल कुणाच्या टेबलावर अडली आहे. "ऊपर की बात है" म्हणतील. तेव्हा वरच्याचा फोन नंबर मागा.