संशय कॅमेऱ्याला येत नाही, माणसाला येतो

माणसाच्या हालचाली ओळखणारी यंत्रे आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाहीत. २०१० साली मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टने खेळणाऱ्याच्या शरीरातले २० सांधे टिपले. गूगलचे २०२० मधले ब्लेझपोझ ३३ बिंदू टिपते, तेही साध्या मोबाईलवर आणि त्याच क्षणी. हेच तंत्र सीसीटीव्हीला जोडले की ‘संशयास्पद हालचाल’ आपोआप कळते, असे विकणारे सांगतात. नवी मुंबईत तर चौकाचौकांत कॅमेरे आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

यंत्राला खांदा, कोपर, मनगट कुठे आहे ते कळते. हात वर गेला हे कळते; का गेला, ते कळत नाही. ‘संशयास्पद’ हा शब्द सांध्यांत नसतो. कुणीतरी आधीच्या चित्रफितींवर तो चिकटवलेला असतो, आणि चिकटवणाऱ्याचे पूर्वग्रहही सोबत येतात.

बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी पद्धत आठवा. दोन माणसे, झाकलेले हात, तोंडातून शब्द नाही. अनोळखी नजरेला हा काय प्रकार वाटेल? नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर तासन्‌तास एकाच जागी उभा असतो. यंत्राच्या लेखी तो ‘विनाकारण रेंगाळणारा’. कर्णबधिर मित्र हातांनी वाद घालतात. यंत्राला ती मारामारी वाटू शकते. आणि वेळ निघून जाऊ नये म्हणून फलाटाच्या कोपऱ्यात नमाज पढणारा प्रवासी? त्याचा रुकू, त्याचा सजदा यंत्राला कोण समजावणार?

‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?’ असे विचारले जाते. भीती उघडे पडण्याची नाही, चुकीचे वाचले जाण्याची आहे. यंत्र फक्त इशारा देते. रस्त्यात अडवतो माणूसच. आणि नाव ऐकल्यावर समोरच्याची नजर कशी बदलते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

स्त्रियांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केले जाते. लखनौ पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये संकटातल्या स्त्रीचा चेहरा वाचणाऱ्या कॅमेऱ्यांची घोषणा केली होती. पण रस्त्यावर दिवा, रात्री उशिरापर्यंत बस आणि तक्रार निमूट नोंदवून घेणारे ठाणे, यांची जागा कॅमेरा घेऊ शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवली आहे. त्यामुळे विचारणे आपल्यालाच भाग आहे. महापालिकेने आणि पोलीस आयुक्तालयाने मराठीत जाहीर करावे: कॅमेऱ्यांमागे हालचाली वाचणारे सॉफ्टवेअर आहे का? असल्यास कोणती हालचाल संशयास्पद धरली जाते, ते कोणी ठरवले? किती इशारे खोटे निघाले? चित्रण किती दिवस ठेवले जाते? चुकीने अडवलेल्या माणसाने दाद कुठे मागायची?

ही उत्तरे मिळेपर्यंत असल्या सॉफ्टवेअरवर जनतेचा एक रुपयाही खर्च होऊ नये. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तो प्रत्येक प्रभागातून जायला हवा, आणि त्यावर केवळ आपल्याच मोहल्ल्याच्या सह्या असू नयेत.